रेलायची खुर्ची

माझी बायको एका खुर्चीनं अडवून ठेवली होती, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. हसा. आमच्या इमारतीतले सगळे हसून झाले आहेत, तुम्हीच तेवढे राहिला होतात.

झालं असं, की मुलीला बाळ झालं आणि बायको तिच्याकडे गेली. मुलगी राहते लांब, परगावी. जाताना बायको म्हणाली, "महिन्याभरात येते." महिना झाला, तर बाळाला सर्दी झाली. सर्दी बरी झाली, तर मुलीची कंबर धरली. कंबर सुटली, तर जावयाला कामासाठी बाहेरगावी जावं लागलं. मी दर फोनला म्हणायचो, "अगं, इकडची अजिबात काळजी करू नकोस. माझं मजेत चाललंय. तू सावकाश ये." ती म्हणायची, "बरं." आणि सावकाशसुद्धा येत नव्हती.

मजेत म्हणजे कसं, ते सांगतो. सकाळी मी चहाचे दोन कप काढायचो आणि एक परत ठेवायचो. पेपरातली बातमी मोठ्यानं वाचायचो, पण "हळू वाचा, मी काही बहिरी नाही" असं कुणी म्हणायचं नाही. एकदा मुद्दाम ओला टॉवेल पलंगावर टाकून बघितला. दुपारपर्यंत तो तिथेच, आणि त्यावर कुणाचं काही म्हणणंच नाही. टोकणारं माणूस घरात नसलं की चुका करण्यात काही राम राहत नाही. शेवटी मीच टॉवेल उचलून वाळत घातला.

अशात मुलीनं एक फोटो पाठवला. फोटोत तिच्या घरामागचं अंगण, थोडी हिरवळ आणि एक लांबलचक लाकडी खुर्ची. खुर्चीत माझी बायको. पाठ टेकलेली, पाय वर घेतलेले, डोळे मिटलेले, तोंडावर कोवळं ऊन. खाली मुलीनं लिहिलं होतं, 'आई आराम करतेय बघा!'

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, लग्नाला इतकी वर्षं झाली, मी या बाईला पाठ टेकून बसलेली पाहिलेली नाही. ती बसते ती खुर्चीच्या कडेवर, एक पाय आधीच स्वयंपाकघराकडे निघालेला. आमच्या घरातले जुने फोटो काढून बघा. प्रत्येक फोटोत मी खुर्चीत ऐसपैस बसलेला आणि ती मागे उभी, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. "तुम्ही बसा, मी आहे उभी," असं ती म्हणायची, आणि मी आज्ञाधारकपणे बसायचो. आणि इथे ही बाई रेलली होती. मी फोटो मोठा करकरून पाहिला. ती फारच निवांत दिसत होती. अशी खुर्ची सोडून ही आता कशाला येतेय? आमच्या घरात आहे काय, तर एक सोफा, ज्याची स्प्रिंग टोचते, आणि मी.

काट्यानं काटा काढतात, तसा खुर्चीनंच खुर्चीचा बंदोबस्त करायचा, असं मी ठरवलं. विकत का आणली नाही, असं पुढे सगळ्यांनी विचारलं. अहो, विकतची तर जावयानंही आणली होती! सासऱ्यानं जावयाची बरोबरी करून कसं चालेल? खुर्ची मी स्वतःच्या हातानं करणार होतो. आमच्या गॅलरीत एक वॉशिंग मशीन आणि एक माणूस आळीपाळीनं उभे राहू शकतात, तेव्हा खुर्ची ठेवायची ती इमारतीच्या गच्चीवर, हेही ठरलं.

इथे माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मी नोकरी केली ती बांधकाम परवानगी विभागात. लोक घराचे नकाशे आणायचे आणि मी त्यात खोट काढायचो. माझ्या हाताखालून पहिल्या फेरीत पास झालेला नकाशा अजून जन्माला यायचा आहे. साहजिकच मी आधी खुर्चीचा नकाशा काढला. वरून, समोरून, बाजूनं. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण दाखवला. खुर्चीला उत्तर दिशा नसते हे मलाही कळतं, पण बाणाशिवाय नकाशा नागडा दिसतो. पाठीला मागून टेकू द्यायची एक दांडी आणि ती अडकवायला तीन खाचा. पहिली खाच बसण्याची, दुसरी रेलण्याची, तिसरी लवंडण्याची. सगळं झालं आणि शेवटी लांबी लिहायची वेळ आली, तेव्हा माझी पेन्सिल थांबली. माझ्या बायकोची उंची किती, हे मला माहीत नव्हतं.

फोन करून विचारता येत नव्हतं, कारण खुर्ची गुपित होती. मी तिचा गाऊन खुंटीवरून काढला आणि टेप लावला. गाऊनमुळे खांद्यापासून घोट्यापर्यंतचा प्रश्न सुटला, पण मान आणि डोकं बाकीच राहिलं. गाऊनला तिच्या तेलाचा वास येत होता. मी तो जरा जास्तच वेळ मोजला.

तेवढ्यात समोरच्या ब्लॉकमधले 'तज्ज्ञ' आले. त्यांना इमारतीत सगळे तज्ज्ञ म्हणतात. एकदा त्यांनी स्वतःच्या घराची बेल स्वतः दुरुस्त केली, तेव्हापासून. आता ती दाबली की शेजारच्या घरात वाजते, हा भाग वेगळा. माझ्या हातात बायकोचा गाऊन आणि गळ्यात टेप पाहून ते जरा दारातच थांबले. मग मी सगळं सांगितलं.

"वहिनी उभ्या असल्या की तुमच्या कुठे लागतात?" त्यांनी विचारलं.

"खांद्याला," मी म्हणालो. "म्हणजे खांद्याच्या जरा वर. कानाच्या जरा खाली."

"असं मोघम नको. हे बघा, मी वहिनी."

आणि तज्ज्ञ माझ्या शेजारी गुडघे वाकवून उभे राहिले. मी डोळे मिटून आठवायला लागलो. ती गॅस बंद केला का विचारायला वळते, तेव्हा तिचा अंबाडा माझ्या हनुवटीला घासतो. "अजून थोडे खाली या," मी म्हणालो. "अजून. हां, आता जरा वर. आता डोकं तिरकं करा." तज्ज्ञांच्या गुडघ्यांतून आवाज येत होते, पण माणूस कामाला पक्का. मी त्यांच्या टाळूवर पट्टी ठेवली आणि टेप सोडला. नेमके त्याच क्षणी उघड्या दारातून आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आत आले. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि तज्ज्ञ माझ्या खांद्याशी डोकं तिरकं करून उभे होते. सेक्रेटरी म्हणाले, "मी नंतर येतो."

सेक्रेटरींना गच्चीचं मात्र समजावून सांगावंच लागलं, आणि तिथे घोडं अडलं. या गृहस्थांनी पूर्वी कधीतरी आपल्या गावाकडच्या घराचा नकाशा माझ्या टेबलावर आणला होता आणि जिन्याच्या एका पायरीवरून मी तो परत पाठवला होता. पायरी चुकलेलीच होती, आजही माझं तेच मत आहे. पण ती पायरी त्यांनी मनात जपून ठेवली होती. ते मिशीतल्या मिशीत हसले.

"गच्चीवर बांधकाम करता येणार नाही," ते म्हणाले.

"बांधकाम? अहो, खुर्ची आहे ती!"

"जी वस्तू एका जागी ठेवली आणि एका माणसाला हलवता आली नाही, ते बांधकाम. हे मी नाही, तुम्हीच मला सांगितलं होतं. माझ्या अंगणातल्या बाकाबद्दल."

माझाच नियम माझ्या अंगावर आला होता. शेवटी सोसायटीच्या समितीनं असं ठरवलं, की खुर्चीला चाकं हवीत. चाकं असली तर ती हलती वस्तू, नसली तर बांधकाम. "आणि चाकांना विटा लावायच्या नाहीत," सेक्रेटरी म्हणाले. "विटा आल्या की बांधकाम आलं." हाही माझाच नियम होता.

आमच्याकडे एक जुनी टीव्हीची ट्रॉली होती. तिची चाकं काढली. तज्ज्ञ म्हणाले, चाकांना खटका हवा, म्हणजे ती जागच्या जागी थांबतील. मी म्हणालो, या चाकांवर आमचा टीव्ही जन्मभर हलला नाही, तर खुर्ची काय हलणार? हे वाक्य पुढे मला बऱ्याच जणांनी बऱ्याचदा ऐकवलं आहे.

मग लाकूड आलं, करवत आली, रंधा आला. लाकूड कापणं हे नकाशात खोट काढण्याइतकं सोपं नसतं, एवढंच सांगतो. एक पाय आखूड झाला म्हणून दुसरा कापला, तो जास्त आखूड झाला म्हणून पहिला पुन्हा कापला. असं करता करता खुर्ची जमिनीला भेटायला निघाली, तेव्हा तज्ज्ञांनी करवत माझ्या हातातून काढून घेतली. खालच्या मजल्यावरच्यांनी ठोकाठोकीची तक्रार केली. वरच्यांनी भुसा उडतो म्हणून केली. ज्यांना काहीच त्रास नव्हता ते नुसते बघायला आले आणि सल्ले देऊन गेले. एकजण म्हणाले, पाठीला भोकं पाडा, हवा खेळेल. दुसरे म्हणाले, छत्री लावा. एक बाई म्हणाल्या, "एवढा खटाटोप करण्यापेक्षा जाऊन घेऊन का येत नाही त्यांना?" मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. तिकडे जाऊन काय सांगणार होतो? मजेत चाललंय, म्हणून न्यायला आलो?

खुर्चीला मधे जाड कापड ताणून बसवायचं होतं. ते शिवायला मी बायकोच्या शिलाई मशीनवर बसलो. तिचं स्टूल इतकं बुटकं, की माझे गुडघे वर टेकले. सुईत दोरा ओवलेला होता, गुलाबी. जाण्याच्या आदल्या दिवशी ती बाळाचं दुपटं शिवत होती, त्याचा. टोक तिनं दातानं तोडलेलं असावं, कारण कात्री तिला कधी सापडत नाही. मला काही तो दोरा सुईतून काढवेना. तो काढला असता, तर मशीनवर शेवटी बसलेलं माणूस मी झालो असतो. मातकट रंगाच्या त्या जाड कापडावर मी गुलाबी शिवण घातली. शिवण वाकडी आली. तज्ज्ञ म्हणाले, "रंग चुकला." मी म्हणालो, "असू दे."

खुर्ची गच्चीवर नेली आणि सगळ्यांदेखत मी तिची चाचणी घेतली. दांडी तिसऱ्या खाचेत अडकवली, बसलो, पाठ टेकली, पाय वर घेतले. वर निळं आकाश. एक क्षणभर मला कळलं, की तिकडे तिला काय वाटत असेल. दुसऱ्या क्षणी आकाश सरकायला लागलं.

पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला उतार असतो. तो असायलाच हवा, यावर मी हयातभर दुसऱ्यांचे नकाशे अडवले आहेत. आमच्या गच्चीला तो उत्तम दिलेला होता. टीव्हीनं जन्मभर न वापरलेली चाकं त्या दिवशी आपली हौस फेडून घेत होती. मी झोपलेल्या अवस्थेत, पाय पुढे करून, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांखालून गेलो. दोऱ्या बरोबर घेतल्या. तिसऱ्या मजल्याच्या चादरी, सेक्रेटरींचे दोन लेंगे आणि कुणाचे तरी पायमोजे अंगावर घेऊन मी टाकीच्या पाइपावर आदळलो. पाइप फुटला. खालून बायका ओरडायला लागल्या, पाणी गेलं म्हणून. आणि वर ते सगळं माझ्या अंगावर येत होतं. सेक्रेटरी धावत आले, मला वाटलं मला उठवायला. ते म्हणाले, "लेंगा सोडा, फाटेल."

समितीची तातडीची बैठक झाली. खुर्ची हलती आहे, याबद्दल आता कुणाचंच दुमत नव्हतं. चाकं काढली तर ते बांधकाम. विटा लावल्या तरी बांधकाम. तशीच ठेवली तर पाइप. शेवटी सेक्रेटरींनी ठराव मांडला, की खुर्ची वापरात असताना एका जबाबदार व्यक्तीनं ती धरून मागे उभं राहावं. सगळ्यांनी हात वर केले. मी गुडघ्याला पट्टी बांधून घरी आलो आणि विचार करत बसलो, की धरून उभा राहायला मी आहे. बसायला कोण आहे?

फोन वाजला. तज्ज्ञांच्या बायकोनं आपलं कर्तव्य केलेलं होतं.

"अहो, गच्चीवरून पडलात म्हणे!" बायको म्हणाली.

"गच्चीवरून नाही. गच्चीवर."

"लागलंय का?"

"गुडघ्याला जरासं. आणि अंगठ्याला, पण तो आधीचाच, हातोडीचा."

"हातोडी? तुम्ही करत काय होतात?"

काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी, असं मनात आलं होतं. पण गुडघा ठणकत होता, आणि समोर एकच कप होता.

"तुला खुर्ची करत होतो," मी म्हणालो. "रेलायला. तिकडे रेलून बसतेस तशी."

"मी? मी कधी बसले रेलून?"

"फोटोत!"

"तो होय! अहो, जावयांनी हाताला धरून बसवलं, फोटोपुरतं. उठताना पाठीत उसण भरली. आणि डोळे मिटले ते उन्हानं. आराम कसला मेला, घरी पाणी आलं असेल का, तुम्ही टाकी भरली असेल का, हेच डोक्यात."

मागे बाळाची कुरकुर ऐकू येत होती.

"मग येत का नाहीस तू?"

"तुम्हीच म्हणता ना दर वेळी, मजेत चाललंय, सावकाश ये," ती म्हणाली. "मला वाटलं, चाललंय माझ्यावाचून. मग कशाला यायची घाई करू? इथे निदान कुणाला तरी हवी आहे मी."

बांधकाम परवानगी विभागात मी भल्याभल्यांना तोंडावर उत्तरं दिली आहेत. त्या वेळी माझ्या तोंडून दोनच वाक्यं आली. "मला करमत नाही गं. ये."

ती म्हणाली, "बरं." पण हे 'बरं' निराळं होतं. हे मला समजलं.

ती आली. दारात बॅग ठेवली आणि पहिल्यांदा पलंगाकडे पाहिलं. मग गॅलरीत गेली. "टॉवेल तुम्ही वाळत घातलात?" तिनं संशयानं विचारलं. माझ्या गुडघ्याला हात लावून पाहिला, अंगठा उलटसुलट केला, मशीन पाहिलं आणि म्हणाली, "दोरा संपवलात सगळा." मग मी तिला गच्चीवर नेलं.

खुर्ची तिनं चारी बाजूंनी पाहिली. गुलाबी शिवणीवरून बोट फिरवलं. तिच्या डोळ्यांत काहीतरी झालं, पण तोंडानं ती म्हणाली, "शिवण वाकडी आहे." आणि बसली. कडेवर. एक पाय जिन्याकडे.

"छान आहे हो," ती म्हणाली. "चला, चहा टाकते. तुमचं जेवणाचं काय ते बघते..."

"टेक," मी म्हणालो.

"अहो, घरात इतकं काम पडलंय."

"पडू दे. टेक तू. मी धरलंय."

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरली होती आणि एक पाय चाकाला लावला होता. ती हळूहळू मागे झाली, कुणीतरी रागावेल अशा धास्तीनं. मग डोकं टेकलं. मग पाय वर घेतले. टाचा खुर्चीच्या पुढे राहिल्या.

"एवढीशी वाटले मी तुम्हाला?" तिनं विचारलं.

"तज्ज्ञ जास्त वाकले," मी म्हणालो. पण तिला ते काही कळलं नाही.

ती थोडा वेळ आकाशाकडे बघत बाळाबद्दल सांगत राहिली. जांभई देताना ते कसं दिसतं, अंघोळीला कसं घाबरतं. वाक्यं लांब लांब होत गेली, मग तुटायला लागली, आणि एका वाक्याच्या मधेच ती झोपली. प्रवासानं दमली होती. तोंड किंचित उघडं, हात पोटावर, आणि अगदी बारीक घोरणं. ती घोरते, हे ती आजतागायत कबूल करत नाही. मी वरून तिचा भांग बघत उभा राहिलो. इतकी वर्षं ती उभी राहायची त्या जागेवरून समोरचं माणूस असं दिसतं, हे मला माहीत नव्हतं. ते फार जवळचं दिसतं.

ऊन कललं. माझा दुखरा गुडघा बोलायला लागला. पाय काढला असता, तर ती सरळ पाइपाकडे गेली असती.

जिन्यातून सेक्रेटरी वर आले. ठरावाची अंमलबजावणी होते की नाही, हे बघायला आले असणार. काहीतरी बोलणार, तोच मी तोंडावर बोट ठेवलं. ते चवड्यांवर चालत जवळ आले. झोपलेल्या तिच्याकडे पाहिलं, चाकाला लावलेल्या माझ्या पायाकडे पाहिलं, गुडघ्याच्या पट्टीकडे पाहिलं. मग माझ्या कानाशी येऊन, मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "खालून एखादी खुर्ची आणून देऊ का? जरा बसा. किती वेळ असे उभे राहणार?"

"नको," मी हळूच म्हणालो. "तिला झोपू दे. मी आहे उभा."